दोन मित्र, सात रात्री, तीन शहरे: अंदलुसच्या सफरीची माहिती

स्पेनच्या दक्षिणेला अंदालुसिया हा प्रांत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ज्याला अंदलुस म्हणतो, त्याच्या शेवटच्या आणि सर्वात ठळक खुणा इथेच आहेत. इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून इथे उतरले. जिब्राल्टर हे नावही 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, यावरूनच पडले. १४९२ मध्ये गरनाता हातचे गेले आणि मुस्लिम सत्ता संपली. मधली सुमारे ७८० वर्षे आजही दगडात, पाण्याच्या कारंज्यांत आणि लोकांच्या बोलीत दिसतात.

आठवड्याची सुट्टी असली की बरेच जण पाच देशांच्या पाच राजधान्या धावत बघतात. त्यापेक्षा दोन मित्रांनी किंवा दोन मैत्रिणींनी सेव्हिल, कुर्तुबा आणि ग्रॅनडा ही तीनच शहरे निवांत बघावीत. माद्रिदहून सेव्हिलला वेगवान ट्रेनने अडीच तास लागतात. सेव्हिल ते कुर्तुबा पाऊण तास, तिथून ग्रॅनडा दीड ते दोन तास. सेव्हिलला दोन रात्री, कुर्तुब्यात दोन आणि ग्रॅनडात तीन, असा हिशोब बसतो.

सेव्हिल

अरबीत इशबिलिया. १२४८ मध्ये हे शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले आणि इथल्या जामा मस्जिदीच्या जागी पुढे भव्य चर्च उभे राहिले. पण मस्जिदीचा बाराव्या शतकातला मिनार पाडला गेला नाही, त्यावर घंटा चढवल्या. तोच आजचा हिराल्डा. त्यात वर जायला जवळपास सगळीकडे पायऱ्यांऐवजी उताराची वाट आहे, त्यामुळे वयस्कर माणसेही सावकाश चढू शकतात. जवळचा अल्काझार महाल चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजा पेद्रो याने बांधून घेतला, पण कारागिरी मुस्लिम हातांची. ख्रिस्ती राजाच्या भिंतीवर अरबी अक्षरे बघून नवल वाटते.

कुर्तुबा

ही सफर खरे तर या शहरासाठी. अमीर अब्दुर्रहमान पहिले यांनी ७८५ च्या सुमारास इथे मस्जिद बांधायला घेतली. पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आत आजही साडेआठशेच्या आसपास खांब आहेत आणि त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. खलिफा अल-हकम दुसरे यांच्या काळातला मेहराब सोनेरी मोझॅकने मढवलेला आहे. १२३६ मध्ये शहर पडले आणि मस्जिदीचे चर्च झाले. १५२३ पासून खांबांच्या ऐन मधोमध उंच कॅथेड्रल बांधण्यात आले.

एक गोष्ट घरूनच मनाशी पक्की करून जावी: इथे मुसलमानांना नमाज पढायची परवानगी नाही. इमारत चर्चच्या ताब्यात आहे, रोज तिथे ख्रिस्ती उपासना होते आणि कोणी सजद्यात गेले तर रक्षक थांबवतात. २०१० मध्ये यावरून काही पर्यटक आणि रक्षकांत झटापट झाली, अटकही झाली. अल्लामा इक्बाल १९३३ मध्ये इथे आले होते आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही त्यांची नज्म त्या भेटीतूनच आली. ती ऐकून वाढलेल्या माणसाला मेहराबासमोर नुसते उभे राहणे जड जाते, हे खरे. पण परक्या देशात वाद घालून काही साधत नाही. मनातल्या मनात जिक्र करावा, दुरूद पढावे आणि शांतपणे बाहेर यावे. नमाजेची वेळ आत असताना येणार नाही, असे तिकीट निवडावे.

एक सकाळ मदिनत अझ-झहरासाठी ठेवा. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी ९३६ मध्ये वसवायला घेतलेल्या या राजनगरीचे आता अवशेष उरले आहेत. जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत यहुदी विद्वान मैमोनिदीस यांचा पुतळा आहे, तर जुन्या तटबंदीजवळ इब्न रुश्द यांचा. दोघेही याच शहरात जन्मले.

ग्रॅनडा

अल-हमरा म्हणजे लाल. तोच हा अल्हम्ब्रा. १२३८ मध्ये नसरी घराण्याने त्याचे काम सुरू केले. भिंतीभिंतीवर 'व ला गालिब इल्लल्लाह' कोरलेले आहे: अल्लाहशिवाय कोणीही विजयी नाही. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह याने याच किल्ल्याच्या चाव्या सोपवल्या, हे माहीत असले की ती ओळ वेगळीच वाचली जाते.

तिकीट नावावर असते, आत पासपोर्ट बघतात आणि नसरी महालांची वेळ ठरलेली असते. ती चुकली की महाल चुकला. तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात, म्हणून व्हिसा हातात आला की पहिले काम हेच करा, अधिकृत संकेतस्थळावरूनच.

समोरच्या टेकडीवर अलबायसिन ही जुनी मुस्लिम वस्ती आहे. तिथे २००३ मध्ये नवी मस्जिद सुरू झाली. कुर्तुब्यात अडलेले मन इथे मोकळे होते: वुझू करा, जमातीत उभे राहा आणि बागेतून समोरचा अल्हम्ब्रा बघा.

नमाज आणि किबला

आपल्याकडे किबला पश्चिमेला. स्पेनमध्ये तो पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला आहे. सवयीने उलटे उभे राहू नका. उन्हाळ्यात तिथल्या घड्याळाप्रमाणे जुहर दुपारी सव्वादोननंतर लागते आणि जूनमध्ये मगरिब पावणेदहाच्या सुमारास.

दोघांपैकी एक कोकणातला शाफई आणि दुसरा हनफी असेल तर निघण्याआधीच बोलून घ्या. कस्र दोघांनाही आहे, पण मुक्कामाच्या दिवसांचा हिशोब वेगळा. शाफई प्रवासात जुहर-असर एकत्र पढू शकतो, हनफी तसे करत नाही. आपापल्या आलिमांना विचारून ठेवले की रस्त्यात कुरबूर होत नाही.

खाणे

तीन शब्द पाठ करा. 'सेर्दो' म्हणजे डुक्कर, 'हामोन' म्हणजे त्याच्या मांडीचे खारवलेले मांस, 'मान्तेका' म्हणजे बहुतेक वेळा त्याचीच चरबी. कुर्तुब्याचे टोमॅटोचे थंड सालमोरेहो शाकाहारी वाटते, पण वरून हामोन भुरभुरतात, म्हणून 'सिन हामोन' सांगा. मिठाईतही चरबी असते, पोल्व्होरोन घेताना विचारा. रश्श्यात वाईन आहे का, तेही विचारा. ग्रॅनडात काल्देरेरिया गल्लीत मोरोक्कन चहाची दुकाने आहेत.

बोलीकडेही कान द्या. 'ओहाला' म्हणजे 'असे होवो', आणि त्यात अल्लाहचे नाव दडले आहे. साखरेला 'असुकार', संत्र्याला 'नारान्हा' म्हणतात. आपली साखर आणि नारिंग अरबांच्या हातून तिथवर पोहोचली.

कागदपत्रे आणि खर्च

शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचे शुल्क. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलू नये. दोघांचे अर्ज वेगळे, म्हणून हॉटेलच्या बुकिंगवर दोघांची नावे हवीत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर बरा. मात्र ईस्टरच्या आठवड्यात सेव्हिल महाग आणि गच्च भरलेले असते.

पैशांची एकच वही ठेवा आणि रोज रात्री हिशोब मिटवा. उधारी मनात राहिली की मैत्रीला लागते. अल्लाह सफर आसान करो.