जुनी कार सुरू होत नाही? फ्युएल पंप बदलण्याआधी या गोष्टी तपासा

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. किंवा सपाट रस्त्यावर नीट धावणारी गाडी घाट चढताना धापा टाकते. दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल कारमध्ये अशी लक्षणं दिसली की पहिला संशय फ्युएल पंपावर जातो. तपासणी न करता पंप बदलला, तर हजारो रुपये खर्चूनही तक्रार तशीच राहू शकते.

पंपाचं काम काय?

कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये इंजिनवर चालणारा कमी प्रेशरचा पंप असायचा. एमपीएफआय गाड्यांमध्ये विजेवर चालणारा पंप बहुतेक वेळा टाकीतच असतो. तो साधारण 3 बार, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त प्रेशरने पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

आधी आवाज ऐका

सेल्फ न मारता चावी फक्त 'ऑन' करा. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही, तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. दोन्ही भाग स्वस्त आहेत.

ते ठीक असतील, तर पंपाचा कनेक्टर जोडलेला ठेवून मल्टीमीटर लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी चावी 'ऑन' करायला सांगा. व्होल्टेज बॅटरीइतकं मिळतंय, अर्थिंगही चांगलं आहे, तरी पंप फिरत नसेल तर तो गेला असं समजा. व्होल्टेज फारच कमी असेल, तर दोष वायरिंगमध्ये शोधा.

आवाज येतो, मग पंप चांगला का?

झिजलेला पंपही आवाज करतो, पण पुरेसं प्रेशर देत नाही. त्यासाठी प्रेशर गेज लावावा लागतो. प्रेशर कमी असेल, तर तुंबलेला फिल्टर, बिघडलेला रेग्युलेटर किंवा पंप यांपैकी काहीतरी कारण असतं. फिल्टर आधी बघा. गाडी बंद केल्यावर प्रेशर लगेच उतरत असेल, तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर कारणीभूत असू शकतो. अशा गाडीला सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो.

दोष दुसरीकडेही असू शकतो

इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाला नाही, तर ईसीयू पंपाची वीज तोडतो. त्यामुळे क्रँक सेन्सर बिघडला, तरी पंप बंद पडल्यासारखा वाटतो. सुरुवातीची घरघर ऐकू येते, पण सेल्फ मारताना पंपाला वीज मिळत नाही, अशा वेळी स्कॅनर लावून सेन्सर तपासावा.

सीएनजी किट असेल, तर एक सोपी खूण आहे. गाडी सीएनजीवर व्यवस्थित चालते आणि पेट्रोलवर अडखळते, तर स्पार्क बहुधा ठीक असतो. दोष पेट्रोलच्या बाजूला शोधावा.

काळजी काय घ्यावी?

इंजिन बंद असलं तरी पाइपमध्ये प्रेशर शिल्लक असतं. पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी सुरूच होत नसेल, तर हे काम मेकॅनिकवर सोपवा. जवळ आग किंवा ठिणगी नको.

टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. त्यामुळे गाडी सतत रिझर्व्हवर चालवू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतही थोडं पेट्रोल कायम ठेवा.