ढोलकी पुढे की व्हायोलिन? जुन्नर-आंबेगावपासून सुरू होणारा मिक्सिंगचा इतिहास #थ्रेड

१/ २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. त्याच्या संगीतातील पाश्चात्य वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिसजवळ, जुन्या एमजीएम स्टुडिओच्या आवारातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला होता. भारतीय चित्रपटाचे संगीत तेथे मुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

२/ संगीतकार होते अजय-अतुल गोगावले. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलायचे. भावांच्या बालपणीची काही वर्षे जुन्नरला आणि आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय असलेल्या घोडेगावला गेली. घरात संगीताची परंपरा नव्हती. वाद्य ज्याच्याकडे असेल त्याच्याशी मैत्री करून ते हाताळायचे, असा तो काळ होता.

३/ या दोन टोकांच्या मध्ये एक जुना प्रश्न उभा आहे. अनेक माणसे एकत्र गातात-वाजवतात, तेव्हा कोणाचा आवाज पुढे यायचा आणि कोणाचा मागे राहायचा? आज हा निर्णय अल्बमच्या अखेरच्या टप्प्यात, मिक्सिंगच्या टेबलावर होतो. पूर्वी तो कोठे होत असे, ते पाहू.

४/ सुरुवात जुन्नर तालुक्यातील नारायणगावापासून करावी लागेल. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तेथे येतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड येथलाच. विठाबाई या त्याच घराण्यातल्या.

५/ तमाशाच्या बोर्डावर माणसांच्या उभे राहण्यालाच ध्वनीची शिस्त असते. नाचणारीच्या जवळ ढोलकीवाला आणि हलगीवाला, मागे तुणतुणे घेतलेले सुरते. शाहिराने ओळ टाकली की सुरते झील धरतात, म्हणजे ध्रुपद उचलून धरतात. आवाजाचे पुढे-मागे अंतराने आणि फुप्फुसांच्या ताकदीने ठरे. हलगी सैल पडली की विस्तवावर शेकून ती पुन्हा कडक करायची.

६/ या मांडणीत ठोका स्थिर नसतो. ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. ती चढली की तो चढतो, त्याने तोडा टाकला की ती थांबते. गण, गौळण, बतावणी, वग अशी रात्र सरते. श्रोत्यांचा प्रतिसाद असेल तर लावणी लांबते, नसेल तर आटोपते. 'पूर्ण झालेले गाणे' नावाची वस्तू येथे नसतेच.

७/ ती वस्तू ग्रामोफोनने आणली. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञाने कोलकात्यात भारतातील आरंभीची ध्वनिमुद्रणे केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात गायचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. गायिका कर्ण्याशी, साथीदार मागे. तालवाद्य जोरात वाजले तर सुई उसळण्याची भीती, म्हणून ते आणखी दूर.

८/ म्हणजे मिक्सिंग तेव्हाही होते. ते फुटांत आणि इंचांत मोजले जाई, एवढेच. एक चूक झाली की सारे पुन्हा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, त्यामुळे रात्रभराच्या गायकीला तीन मिनिटांत बसावे लागले. लोकगीतापासून ख्यालापर्यंत सर्वांना ही कात्री लागली.

९/ गौहर जान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत. त्या वेळी तबकड्या छापून जर्मनीतील हॅनोव्हरहून येत आणि तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. मागे तबला-सारंगी वाजवणाऱ्यांना मात्र नाव सांगण्याची मुभा नव्हती. हा तपशील लक्षात ठेवावा, शेवटी लागेल.

१०/ १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि कुजबुजही टिपता येऊ लागली. पुढे बोलपट आले. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला आणि तमाशापट हा प्रकार मराठीत रुजला. संगीत वसंत पवार यांचे. नंतर 'पिंजरा' (१९७२) आला, संगीत राम कदम यांचे.

११/ या गाण्यांनी लावणी घरोघरी नेली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु पडद्यावरची लावणी स्टुडिओतील पार्श्वगायिकेच्या गळ्यातून येत होती. तंबूत हजारोंच्या कोलाहलावर मात करणारा फडावरचा गळा आणि मायक्रोफोनपुढे हळुवार उतरणारा गळा, हे दोन वेगळे गळे आहेत. तमाशा बव्हंशी मांग, महार, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी जगवला. सिनेमाने त्यांची कला घेतली, आवाज क्वचितच घेतला.

१२/ विठाबाईंना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. गर्दी खेचणे आणि आपल्या आवाजावर हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१३/ पुढची क्रांती बहुपदरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मल्टिट्रॅकची. प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर, वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावीसुद्धा मुद्रित करता येऊ लागले. सगळ्यांना बांधणारा धागा एकच : कानातल्या हेडफोनमधील ठोका, म्हणजे क्लिक. कॅलिफोर्नियातील वादक समोरच्या स्वरलेखनावरून वाजवतो, ढोलकीवाला कानाने आणि बोलांनी शिकलेला असतो. क्लिक दोघांना सारखीच ऐकू येते.

१४/ मग टेबलावर बसायचे. हलगीचा घाव निमिषमात्र टिकतो, पण त्याचे टोक फार उंच जाते. ते तसेच ठेवले तर बाकी सारे खाली ओढावे लागते, फार दाबले तर हलगीची धार जाते. ढोलकीचा धुमाचा अंग बास गिटारशी एकाच पट्ट्यात झुंजतो आणि तिची चाट गायकाच्या व्यंजनांवर येते. व्हायोलिनचा ताफा आला की या सगळ्यांना नवी जागा शोधावी लागते.

१५/ अजय-अतुल यांची कामगिरी या संदर्भात पाहावी. त्यांचा आरंभीचा गाजलेला अल्बम 'विश्वविनायक' गणेशस्तुतीचा होता आणि त्यात शंकर महादेवन व एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे स्वर होते. अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्री आणि ओझर, जुन्नर तालुक्यातच आहेत. पुढे 'जोगवा'साठी त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० च्या आरंभी तमाशातील नाच्याची कथा सांगणारा 'नटरंग' आला.

१६/ या कामांत देशी तालवाद्य फोडणीपुरते येत नाही. वाद्यवृंद कितीही मोठा असो, ठेक्याचा कणा गावचा राहतो. नारायणगावच्या बोर्डावर ढोलकीवाला जेथे उभा असे, साधारण तीच जागा स्पीकरमध्ये त्याला मिळालेली दिसते. मराठी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात याचे मोल मोठे आहे.

१७/ काही गमावलेही. क्लिकला बांधलेली ढोलकी नाचणारीच्या पायांमागे धावू शकत नाही. आणि तमाशाला पहाट थांबवत असे, कर्ण्याला मेणाची कड थांबवत असे. संगणकावरच्या मिक्सिंगला कोणी थांबवत नाही. अमुक वाद्य थोडे वर, तमुक थोडे खाली, असे ते महिनोन्महिने चालू शकते. 'झाले' असे म्हणण्याचे धैर्य आता माणसालाच दाखवावे लागते.

१८/ शेवटी नावांकडे येऊ. तमाशा मंडळांच्या पाट्यांवर 'सह' हा शब्द असतो : अमुक सह तमुक लोकनाट्य तमाशा मंडळ. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे राबतात, पाटीवर दोन नावे मावतात. गौहर जानच्या साथीदारांचेही तेच झाले.

१९/ मल्टिट्रॅकमध्ये मात्र प्रत्येक हलगी, प्रत्येक झील स्वतंत्र पट्टीवर ठेवता येते आणि वाजवणारा कोण हे स्टुडिओत नोंदवता येते. त्यामुळे आज नावे न छापण्याला तांत्रिक सबब उरलेली नाही. पुढच्या वेळी गाणे आवडले, तर त्याखालची श्रेयनामावली उघडून ढोलकी कोणाची आहे ते पाहा. नाव नसेल, तर विचारा.