परक्या जोडणीपासून टेदरिंगपर्यंत : अमेरिकेतील मोबाइल डेटाची मर्यादा व आकारणी यांचा इतिहास

प्रस्तावना

भ्रमणध्वनी संचाला तारेने, ब्लूटूथने अथवा वायफायने संगणक जोडून संचावरील इंटरनेट संगणकावर वापरणे या क्रियेला 'टेदरिंग' असे म्हणतात. टेदर या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जनावर खुंटीला बांधण्याचे दावे असा आहे. आपल्याकडे बोलण्यात या सोयीला 'हॉटस्पॉट देणे' म्हणतात आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची सवय येथील सामान्य ग्राहकाला नाही. अमेरिकेत मात्र काही वर्षे ही सोय म्हणजे स्वतंत्र दराची स्वतंत्र सेवा मानली गेली. २०१० मध्ये एटी अँड टी या कंपनीच्या ग्राहकाने महिन्याचा २ जीबी डेटा २५ डॉलरना विकत घेतला आणि त्यातील काही भाग फोनच्या पडद्याऐवजी संगणकाच्या पडद्यावर वापरला, तर त्याला आणखी २० डॉलर द्यावे लागत. त्या २० डॉलरच्या बदल्यात एक एमबीदेखील जादा मिळत नसे.

या आकारणीकडे बहुधा दरवाढीचे एक किरकोळ प्रकरण म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात ती अमेरिकन दूरध्वनीच्या एका जुन्या वादाचा पुढचा अंक म्हणून तपासली आहे. तार कंपनीची असली तरी तिच्या टोकाला काय जोडावे हे कोणी ठरवायचे, हा तो वाद होय. टेदरिंगचा आकार आणि डेटाची मर्यादा ही एकाच धोरणाची दोन अंगे समजली जातात. इतिहासक्रम पाहता ती बऱ्याच अंशी परस्परविरोधी होती असे दिसते. विवेचनासाठी आयोगाचे आदेश, न्यायनिर्णय व कंपन्यांची जाहीर दरपत्रके यांचा आधार घेतला आहे.

'परकी जोडणी'

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील बहुतांश दूरध्वनी व्यवस्था एटी अँड टीच्या बेल समूहाकडे होती. घरातील दूरध्वनी संचही ग्राहकाच्या मालकीचा नसे; तो कंपनीकडून भाड्याने मिळे. कंपनीने न पुरविलेली कोणतीही वस्तू संचाला जोडण्यास दरपत्रकात मनाई होती आणि अशा वस्तूंना 'परकी जोडणी' असे नाव होते.

या मनाईची पहिली मोठी कसोटी एका अगदी साध्या वस्तूने लावली. हश-अ-फोन हा संचाच्या तोंडाशी बसवायचा पेल्यासारखा भाग होता. बोलणाऱ्याचे शब्द खोलीतील इतरांना ऐकू जाऊ नयेत, एवढाच त्याचा उपयोग. त्यात विजेचा संबंध नव्हता आणि कंपनीच्या तारेला तो कोठेही स्पर्श करीत नव्हता. तरीही एटी अँड टीने त्याला परकी जोडणी ठरविले. उत्पादकाने १९४८ मध्ये संघीय दळणवळण आयोगाकडे (एफसीसी) तक्रार केली. आयोगाने सात वर्षांनी, १९५५ मध्ये, कंपनीच्या बाजूने निर्णय दिला; तो १९५६ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने फिरविला. न्यायालयाची मीमांसा मुळातून पाहण्यासारखी आहे. ग्राहकाने तोंडाभोवती हाताची ओंजळ धरून हाच परिणाम साधला तर चालते, पण लिहिण्यासाठी हात मोकळा राहावा म्हणून एखादे साधन वापरले तर चालत नाही, हे न्यायालयाला वाजवी वाटले नाही. ज्या वापरापासून ग्राहकाला लाभ आहे आणि सार्वजनिक व्यवस्थेला अपाय नाही, तो वापर करण्याचा त्याला हक्क आहे, असे तत्त्व या निर्णयातून पुढे आले.

टेक्सासमधील थॉमस कार्टर यांच्या कार्टरफोनने हे तत्त्व पुढे नेले. तेलक्षेत्रांत व दूरच्या कुरणांवर काम करणाऱ्यांच्या रेडिओ संचाला दूरध्वनीशी जोडणारे हे उपकरण होते. १९५९ ते १९६६ या काळात त्याची सुमारे ३,५०० नगांची विक्री झाली. १९६८ मध्ये आयोगाने केवळ कार्टरफोनला परवानगी दिली नाही, तर परक्या जोडणीवरील मनाईच बेकायदा ठरविली. पुढे १९७५ मध्ये उपकरणांच्या नोंदणीचे नियम आले. बाजारातून विकत आणलेले उत्तरयंत्र, फॅक्स व मुख्य म्हणजे मोडेम घरच्या तारेला लावणे यामुळे शक्य झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील घरोघरी इंटरनेट शिरले ते याच दाराने.

बिनतारी क्षेत्र मात्र या दाराबाहेर राहिले. तेथे संच आणि सेवा एकत्र विकण्याची रीत रूढ झाली. कोणता संच चालेल आणि त्यावर काय चालेल हे कंपनीच ठरवी. फेब्रुवारी २००७ मध्ये स्काइप कंपनीने कार्टरफोनचे तत्त्व बिनतारी सेवेलाही लावावे, अशी याचिका आयोगाकडे केली. त्याच सुमारास कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 'वायरलेस कार्टरफोन' या शीर्षकाच्या लेखात तीच भूमिका मांडली. आयोगाने सरसकट नियम केला नाही. ७०० मेगाहर्ट्‌झ स्पेक्ट्रमच्या लिलावाच्या नियमांत मात्र, जुलै २००७ मध्ये, 'सी ब्लॉक' या एका भागापुरती अट घातली : तो भाग घेणाऱ्याने ग्राहकाला आपल्या पसंतीचे उपकरण व ॲप वापरण्यास अडवू नये. व्हेरायझनने या अटीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, थोड्याच दिवसांत दावा मागे घेतला आणि २००८ च्या लिलावात याच ब्लॉकचे बहुतेक परवाने सुमारे ४.७ अब्ज डॉलरना घेतले. ज्या अटीला विरोध केला तीच पदरात घेण्याचा हा व्यवहार पुढे तिला महागात पडला.

अमर्याद डेटा आणि नळावरचा पंप

आयफोन जून २००७ मध्ये एटी अँड टीच्या सेवेवर बाजारात आला. महिन्याला ठरावीक रक्कम भरून डेटा अमर्याद, अशी त्याची योजना होती. टेदरिंगला मनाई होती. जुलै २००८ च्या अखेरीस ॲपलच्या ॲप स्टोअरवर नेटशेअर नावाचे सुमारे दहा डॉलरचे ॲप आले, ते फोनचे इंटरनेट संगणकाला देत असे. काही आठवड्यांतच ते कायमचे काढले गेले. २००९ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीत टेदरिंगची सोय आली. अनेक देशांत ती सुरू झाली, अमेरिकेत एटी अँड टीने ती दिली नाही.

कंपनीची बाजू येथे समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील ज्या गावांत पाण्याला मीटर नाही, तेथे पाणीपट्टी ठोक असते आणि नळाला थेट विजेचा पंप लावण्यास नगरपालिका मनाई करते. ठोक दर हा एका नळातून एक कुटुंब साधारण किती पाणी भरील या अंदाजावर बसविलेला असतो. पंप तो अंदाज मोडतो आणि शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. अमर्याद डेटाचा दरही असाच सरासरीवर उभा होता. हातातील लहान पडदा हीच वापराची नैसर्गिक मर्यादा होती. संगणक जोडताच ती नाहीशी होई. न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथे २००९ मध्ये एटी अँड टीचे जाळे खरोखरच ताणले गेले होते. स्मार्टफोनच्या ३ टक्के ग्राहकांकडून ४० टक्के डेटा वापरला जातो, असे कंपनीने त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये सांगितले. तेव्हा अमर्याद योजनेत टेदरिंगला अटकाव करण्यामागे काही तर्क होता, हे मान्य करावे लागते.

हा तर्क जून २०१० मध्ये कंपनीने स्वतःच मोडीत काढला. नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद झाली. १५ डॉलरना २०० एमबी आणि २५ डॉलरना २ जीबी असे दोन दर आले. २ जीबीच्या पुढे प्रत्येक जीबीस १० डॉलर. आपले ९८ टक्के स्मार्टफोन ग्राहक महिन्याला सरासरी २ जीबीहून कमी वापरतात, असा दिलासाही कंपनीने दिला. म्हणजे नळाला मीटर बसला. मीटर बसल्यावर पाणी घागरीत भरले की बादलीत, हाताने भरले की पंपाने, हा प्रश्न उरत नाही. जो जास्त भरील तो जास्त देईल. तरीही टेदरिंगचे २० डॉलर याच दरपत्रकात प्रथम आले. टेदरिंग करणारा जास्त डेटा वापरतो, हे समर्थन आता लागू पडत नव्हते, कारण जास्तीचा दर आधीच ठरलेला होता. उरली ती केवळ परवानगीची किंमत. हश-अ-फोनच्या निर्णयातील ओंजळ आणि पेला यांचा भेद ५४ वर्षांनी फोनचा पडदा आणि संगणकाचा पडदा या रूपाने परत आला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ४५ डॉलरना टेदरिंगसह ४ जीबी अशी दुरुस्ती केली, त्यावरून मूळ आकारणीतील विसंगती तिलाही जाणवली असावी.

ओळख आणि अटकाव

संगणक जोडला आहे हे कंपनीला कसे कळते? इंटरनेटवर पाठविलेल्या प्रत्येक पॅकेटवर एक आयुष्यांक असतो आणि प्रत्येक टप्प्यावर तो एकाने घटतो. फोनमधून निघालेल्या पॅकेटवर तो सामान्यतः ६४ असतो. संगणकातून निघून फोनमार्गे आलेले पॅकेट एक टप्पा जास्त चाललेले असल्याने त्यावर ६३, आणि विंडोज प्रणाली असल्यास १२७, असा अंक दिसतो. शिवाय ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो. म्हणजे ग्राहक काय वापरतो हे जाणण्यासाठी कंपनीला त्याच्या पॅकेटांवर नजर ठेवावी लागते. खाजगीपणाचा हा मुद्दा त्या काळच्या चर्चेत २० डॉलरच्या मानाने फारच मागे राहिला. मार्च २०११ मध्ये एटी अँड टीने चोरून टेदरिंग करीत असल्याचा संशय असलेल्या ग्राहकांना सूचना पाठविल्या : थांबा, अन्यथा तुम्हाला टेदरिंगच्या योजनेत टाकले जाईल. अनेकांच्या दृष्टीने याचा अर्थ जपून ठेवलेली जुनी अमर्याद योजना गमावणे असा होता.

व्हेरायझनची अडचण निराळी होती. डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेली तिची एलटीई सेवा याच सी ब्लॉकवर उभी होती. टेदरिंगसाठी ती महिन्याला २० डॉलर घेई आणि हा आकार चुकविणारी ॲप आपल्या ग्राहकांना मिळू नयेत अशी विनंती तिने अँड्रॉइडच्या ॲप दुकानाच्या चालकाला केली होती. जून २०११ मध्ये फ्री प्रेस या संस्थेने आयोगाकडे तक्रार केली. ३१ जुलै २०१२ रोजी तडजोड झाली : व्हेरायझनने १२.५ लाख डॉलर सरकारी तिजोरीत भरले आणि ॲपवरील आक्षेप मागे घेतला. वापरानुसार पैसे देणाऱ्या ग्राहकाला आकार न देता अशी ॲप वापरता येतील, हे मान्य झाले. जुन्या अमर्याद योजनेतील ग्राहकांना ही सूट मिळाली नाही. मीटर आणि ठोक दर यांतील भेद आयोगाने येथे अचूक ओळखला होता.

तथापि या विजयाचे सारे श्रेय आयोगाला देता येत नाही. तडजोडीच्या महिनाभर आधी, २८ जून २०१२ रोजी, व्हेरायझनने सर्व उपकरणांत मिळून वापरायच्या डेटाची योजना आणली होती आणि तिच्यात टेदरिंग अंतर्भूत होते. एटी अँड टीला सी ब्लॉकची अट लागू नव्हती. तरी ऑगस्ट २०१२ मध्ये तिनेही तशीच योजना काढली. ज्याचा डेटा मोजून विकायचा, त्याने तो लवकर संपवावा हेच विक्रेत्याच्या हिताचे असते. ग्राहक संघटनांनी ज्या मर्यादेला विरोध केला तिनेच टेदरिंगची फी मोडली, ही गोष्ट त्यांच्या लिखाणात सहसा आढळत नाही. अर्थात जोडणीवरील आकार पूर्णपणे गेला असेही नाही. व्हेरायझनच्या या योजनेत प्रत्येक स्मार्टफोनमागे ४० आणि प्रत्येक टॅबलेटमागे १० डॉलर द्यावे लागत. तोच टॅबलेट फोनच्या हॉटस्पॉटवर चालविला, तर काही द्यावे लागत नसे.

अमर्यादाचे पुनरागमन

जुन्या अमर्याद ग्राहकांसाठी एटी अँड टीने ऑक्टोबर २०११ पासून वेगळा उपाय योजला. वापर ठरावीक पातळीवर गेला की वेग कमी केला जाई. मार्च २०१२ मध्ये ही पातळी जुन्या जाळ्यावर ३ जीबी व एलटीईवर ५ जीबी अशी जाहीर झाली. त्याआधीच, फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियातील एका ग्राहकाला लघुवाद न्यायालयाने ८५० डॉलर देवविले होते. संघीय व्यापार आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला. ३५ लाख ग्राहकांचा वेग अडीच कोटींहून अधिक वेळा कमी केल्याचा आरोप त्यात होता. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तो मिटला. ज्या योजनेला 'अमर्याद' म्हटले तिला मर्यादा घालताना ग्राहकाला पुरेसे सांगितले नाही, हा आरोपाचा गाभा होता.

पुढे अमर्याद योजना पुन्हा आल्या आणि त्यांच्यामागोमाग टेदरिंगवरील बंधनेही आली. ऑगस्ट २०१५ मध्ये टी-मोबाइलच्या प्रमुखांनी टेदरिंग लपवून महिन्याला २ टेराबाइटपर्यंत डेटा वापरणाऱ्या काही ग्राहकांवर जाहीर टीका केली. २०१६ मध्ये तिच्या नव्या अमर्याद योजनेत टेदरिंग होते, पण टूजीच्या वेगाने. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हेरायझनने अमर्याद योजना परत आणली, तेव्हा हॉटस्पॉटला वेगवान १० जीबी ठेवले. मूळ शुल्काच्या जागी हा वेगळा कोटा आला आणि अमेरिकन योजनांत तो आजही कायम आहे.

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावपूर्ण डेटा दरांना मनाई केली, ती आशयाच्या आधारे होणाऱ्या भेदापुरती; उपकरणाच्या आधारे होणाऱ्या भेदाविषयी तो विनियम बोलत नाही. अमेरिकेत तटस्थ इंटरनेटचे नियम २०१५ मध्ये झाले, २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले. सी ब्लॉकची २००७ ची अट या सर्व चढउतारांत परवान्याला चिकटून राहिली, कारण ती लिलावात बोली लावणाऱ्याने जाणूनबुजून स्वीकारलेली होती.