काचेपलीकडचा आवाज

अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मले की घरातली माणसे फोनवर अजूनही सांगतात, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ या एका वाक्यामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. काच बाळाच्या उबेसाठी आली आणि तिच्यामुळे बाळे जगू लागली. पण त्याच काचेने आईचा आवाज बाळापासून तोडला. आता जगातल्या अनेक नवजात अतिदक्षता विभागांत आईवडील पेटीशेजारी बसून बाळाला पुस्तक वाचून दाखवताना दिसतात. सव्वा किलोच्या, नळ्यांनी वेढलेल्या बाळाला गोष्ट वाचून दाखवणे पाहणाऱ्याला भाबडे वाटू शकते. ही पद्धत कुठून आली हे मी शोधू लागले, तेव्हा पुस्तकांपेक्षा दारांचाच इतिहास जास्त हाती लागला. आत कोणाला सोडायचे, कोणाला बाहेर ठेवायचे आणि आत आलेल्या आईने तिथे करायचे काय, असा तो इतिहास आहे.

त्याची सुरुवात पॅरिसमध्ये होते. १८८० च्या सुमारास तिथल्या मातेर्निते या प्रसूतिगृहातले डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयातल्या ओदिल मार्तां या कारागिराकडून बाळांसाठी उबेची पेटी करून घेतली. कोंबडीची अंडी उबवायला जी यंत्रे वापरत, त्यांच्याच धर्तीवरची ही पेटी होती. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी तिथे पूर्वी ६६ टक्के दगावत. पेटी आल्यावर हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. पुढे जे घडले त्याचा विचार करताना हे आकडे विसरून चालत नाही. पेटीने खरोखरच जीव वाचवले.

तार्निए यांचे शिष्य पिएर बुदँ यांच्या लक्षात मात्र आणखी एक गोष्ट आली. बाळ पेटीत, आई दूर आणि देखभाल परक्या हातांत, असे आठवडे गेले की काही आयांचा बाळातला जीव उडतो आणि काही तर त्याला टाकूनही देतात, हे त्यांनी पाहिले. म्हणून आईने बाळाला पाहावे, शक्य तेव्हा अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे ‘ल नुरिसों’ हे पुस्तक १९०० साली आले. म्हणजे आईला दूर ठेवण्याचे दुष्परिणाम विसावे शतक उजाडतानाच कागदावर उतरले होते.

पण शतकाने वेगळीच वाट धरली. १८९६ च्या बर्लिनमधल्या प्रदर्शनात काचेच्या पेट्यांतली जिवंत बाळे तिकीट लावून दाखवली गेली. त्या खेळाशी ज्याचे नाव जोडले गेले तो मार्टिन कूनी पुढे अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी त्याने १९०३ पासून १९४३ पर्यंत हे प्रदर्शन चालवले. पालकांकडून तो पैसे घेत नसे. बाळांचा खर्च पाहणाऱ्यांच्या तिकिटांतून निघे. बहुतेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी सोय नव्हती, तेव्हा जत्रेतल्या या दुकानाने अनेकांना जगवले, हेही खरे. तरी ते चित्र डोळ्यांसमोर आणले की बेचैन व्हायला होते. काचेसमोर कोणीही अनोळखी माणूस पैसे टाकून उभा राहू शकत होता.

रुग्णालयांनी ही जबाबदारी उचलली तेव्हा गर्दी गेली, पण तिच्याबरोबर आईवडीलही गेले. शिकागोत १९२२ साली ज्युलियस हेस यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी कक्ष उभारला आणि त्याच वर्षी त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. पुढची अनेक दशके अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कक्षांचा नियम साधारण एकच होता: बाळाला कमीत कमी हाताळायचे आणि बाहेरच्या माणसाला आत सोडायचे नाही. ‘बाहेरचे’ यात आईसुद्धा आली. या नियमामागे क्रौर्य नव्हते. प्रतिजैविके यायच्या आधीच्या काळात जंतुसंसर्गाची एक साथ सगळा कक्ष रिकामा करू शकत होती आणि ते ज्यांनी पाहिले होते त्यांनीच हे नियम लिहिले. वेगळा विचार करणारेही होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या बाळांच्या रुग्णालयात जेम्स स्पेन्स यांनी १९२० च्या दशकातच आजारी बाळाबरोबर आईलाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली. पण अशी ठिकाणे मोजकीच राहिली.

दार उघडण्यासाठी पुरावा लागला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड इथल्या डॉक्टरांनी आयांना हात धुऊन कक्षात येऊ दिले, पेटीतल्या बाळाला हात लावू दिला आणि संसर्ग वाढतो का ते पाहिले. तो वाढला नाही. हा अहवाल १९७० साली प्रसिद्ध झाला. दुसरे दार गरजेपोटी उघडले. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे जास्त, अशी स्थिती होती. १९७८ साली एदगार रेय यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच पुढे ‘कांगारू माता पद्धत’ म्हणून जगभर गेली. पेटी पुरत नव्हती म्हणून आई परत आली, हा या इतिहासातला मोठा विरोधाभास आहे.

तरी एक प्रश्न उरला. बाळ स्थिर नसेल, कृत्रिम श्वासावर असेल, तर त्याला उचलता येत नाही. अशा वेळी आत आलेली आई पेटीशेजारी नुसती उभी राहते. सगळी कामे यंत्रे आणि सिस्टर करत असतात. तिच्या हाताला काम नाही आणि तोंडात शब्द नाही. पुस्तक नेमके या जागी आले, आणि ते आले प्रयोगशाळेतून.

१९८० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दहा बाळांवर एक प्रयोग केला. बाळे तीन दिवसांचीही झाली नव्हती. त्यांच्या आयांकडून डॉ. स्यूस यांचे मुलांसाठीचे एक पुस्तक वाचून घेऊन ते ध्वनिमुद्रित केले. मग बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखले की आईचा आवाज आणि दुसऱ्या तऱ्हेने चोखले की परक्या बाईचा आवाज ऐकू येई. बाळांनी चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मिळवला. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांनी एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांना नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट जास्त ऐकावीशी वाटली, मग वाचणारा आवाज दुसऱ्या बाईचा का असेना.

आपल्याकडे हे ऐकल्याबरोबर अभिमन्यू आठवतो, प्रल्हाद आठवतो आणि ‘आमच्याकडे हे आधीच माहीत होते’ असे कोणीतरी म्हणतेच. मला इथे थोडे थांबावेसे वाटते. अभिमन्यूच्या लोककथेत गर्भ व्यूहाचा अर्थ ऐकतो. प्रयोगातल्या बाळांनी अर्थ ऐकला नव्हता. त्यांना भाषेची चाल, तिचे चढउतार आणि ठेका ओळखीचे होते. ती बाळे पुऱ्या दिवसांची होती आणि ती हुशार निघतील असा दावा संशोधकांनी केला नव्हता. या दोन प्रयोगांच्या आधारे गरोदर बायकांना महागडे वर्ग विकणे म्हणजे विज्ञानाच्या नावावर दुकानदारी आहे.

लवकर जन्मलेल्या बाळाची गोष्ट तर आणखी वेगळी असते. साधारण सहाव्या महिन्यापासून गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो, पण पोटात त्याला आवाज गाळून, मऊ होऊन ऐकू येतात. सातमाशी बाळ त्याऐवजी पंखे, धोक्याच्या घंटा आणि पेटीची झडप आपटल्याचे आवाज ऐकत वाढते. ४५ डेसिबलच्या वरचा गोंगाट नवजात कक्षात चिंतेचा मानावा, असे अमेरिकन बालरोग अकादमीने १९९७ साली म्हटले. साधे बोलणेही त्याहून मोठे असते. म्हणून बाळाशेजारी वाचायचे ते हळू, थोडा वेळ आणि त्याचा चेहरा व श्वास पाहत. बाळ कंटाळले, रंग बदलला की थांबायचे.

२०११ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे ३६ अगदी लहान बाळांच्या अंगावरच्या कपड्यांत ध्वनिमुद्रक ठेवून त्यांचा दिवस ऐकला गेला. दिवसाचा फारच थोडा भाग माणसांच्या बोलण्याचा होता. आईवडील आले की बाळेही जास्त आवाज काढत, बत्तिसाव्या आठवड्याचीसुद्धा. ज्यांच्या कानावर जास्त बोलणे पडले होते त्यांचे भाषेचे गुण दीड वर्षाच्या वयात बरे आले, असे याच गटाने २०१४ मध्ये नोंदवले. बोलण्यामुळेच ते घडले, असे एवढ्यावरून ठरत नाही. त्याच वर्षी सेंट लुइसमधून एक अहवाल आला: शांत, स्वतंत्र खोल्यांत ठेवलेल्या बाळांची भाषा दोन वर्षांच्या वयात सामाईक कक्षातल्या बाळांपेक्षा मागे होती. प्रॉव्हिडन्सच्या स्वतंत्र खोल्यांत मात्र फायदा दिसला, कारण तिथे आयांचा वावर जास्त होता. एकूण, शांतता चांगली, पण ती रिकामी असून चालत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो माँट्रियलचा, २०११ चाच अभ्यास. तिथे अतिदक्षता विभागातल्या पालकांना पुस्तके दिली आणि बाळाला वाचून दाखवायला सांगितले. संशोधकांनी विचारले ते पालकांना. वाचताना बाळ आपले वाटले, काहीतरी आपल्या हातात आहे असे वाटले, चार घरांसारखे वाटले, असे त्यांनी सांगितले. घरी गेल्यावर तीन महिन्यांनीही ते इतर पालकांपेक्षा जास्त वेळा वाचत होते. बुदँ यांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या तुटण्याबद्दल लिहिले होते, त्यावरचा हा एक साधा उपाय होता.

हैदराबादला माझ्या भाचीला तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. कक्षात फक्त आईवडिलांना परवानगी होती. मी बाहेर बाकावर बसत असे. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, “मावशी, सिस्टर म्हणतात बाळाशी बोला. पण मी काय बोलू? तोंड उघडलं की रडू येतं.” माझ्या पिशवीत प्रवासात वाचायला घेतलेले किल्ल्यांवरचे पुस्तक होते, ते तिला दिले. तटबंदी, बुरूज, पाण्याची टाकी असे ती दहा मिनिटे वाचत बसली. रडायला सवड नव्हती, कारण पुढची ओळ समोर होती. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने तेलुगू वर्तमानपत्र वाचले. कक्षातल्या सिस्टर आपसात मल्याळम आणि पालकांशी हिंदी बोलत.

एवढ्या भाषांत बाळ गोंधळेल, ही आपल्या शहरांतली नेहमीची शंका. व्हँकूव्हरमध्ये इंग्रजी आणि तगालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांच्या नवजात बाळांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या बाळांना दोन्ही भाषांत रस होता आणि दोन्हींतला फरकही कळत होता. त्याच्या आदल्या वर्षी जर्मन संशोधकांनी दाखवले की फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या नवजात बाळांच्या रडण्याची चालसुद्धा आपापल्या भाषेच्या वळणाने जाते. तेव्हा पुस्तक इंग्रजी असायची गरज नाही. आईच्या तोंडात जी भाषा सहज येते, ती बाळाची भाषा.

बाळाला पुस्तक वाचून दाखवणे ही आपली जुनी रीत नाही. आपल्याकडे अंगाई आहे, ओवी आहे. पण घरात मोठ्याने पोथी वाचायची आणि पाळण्यासकट सगळ्यांनी ऐकायची, ही रीत मात्र होती. आणि जिला वाचता येत नाही ती आई सांगू शकते, गाऊ शकते. पुस्तक हे फक्त एक निमित्त आहे.

ते निमित्त चालण्यासाठी दार उघडे लागते. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना आजारी नवजाताच्या देखभालीत सामील करण्याचा प्रयोग झाला आणि २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ साली पाच रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग होते, बाकीची चार आफ्रिकेत. १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मताच आईच्या कुशीत ठेवले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा टाकाव्या लागल्या.

तार्निए यांच्या पेटीने मृत्यू कमी केले. आता आईला आत घेऊन ते आणखी कमी होतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे. वाचनाने मृत्यू टळतात असा माझा दावा नाही, आणि तो कोणी करू नये. पण ज्या बाळाला अजून उचलता येत नाही त्याच्याजवळ आईवडिलांनी काय करावे, याला वाचन हे एक चांगले उत्तर आहे. त्याला खर्च येतो तो पेटीशेजारी ठेवायच्या एका स्टुलाचा. ते स्टूल ठेवायला सांगणारा माणूस रुग्णालयात असला पाहिजे, आणि नसेल तर आपण ते मागितले पाहिजे.