पट्ट्यांच्या मधला सूर: तुळशीदास बोरकर आणि पेटीची ३१ वर्षं

आजचा भाग मी तारकर्लीच्या घरातून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागून समुद्राचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

खरं तर मला पियानिस्टवर बोलायचं होतं. स्टेजवर मधोमध एकटा बसलेला माणूस, समोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि दोन तास शांत ऐकणारं सभागृह. पण आमच्याकडे पट्ट्यांवर आयुष्य काढणारा माणूस म्हणजे पेटीवाला, आणि तो बसतो गायकाच्या बाजूला. म्हणून आज पंडित तुळशीदास बोरकर.

आधी एक कबुली. माझे आजोबा दशावतारात पायपेटी वाजवायचे. खाली पायाने भाता चालतो, वर दोन्ही हात मोकळे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मोबाईलवर ट्यूनरचं अ‍ॅप घेतलं, पेटीसमोर धरलं आणि म्हटलं, "आजोबा, तुमचो गंधार चुकता." ते एवढंच म्हणाले, "पेटी खोटा बोलणा नाय रे. मोबाईलाक काय कळता?" पण त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी पेटी उघडली नाही.

आता गणित बघू. समजा सा आहे २४० हर्ट्झ. तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार सा-च्या सव्वापट, म्हणजे ३०० वर लागतो. पेटीत मात्र सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण १.०५९५ पट. या हिशोबाने गंधार येतो ३०२.४ वर. पंचम ३६० ऐवजी ३५९.६, तो चालून जातो. गंधाराचा फरक तयार कानाला खुपतो. पियानोतही हीच विभागणी आहे. तिकडे कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता यावं, म्हणून ही तडजोड पत्करली गेली. आपल्याकडे तंबोरा सतत चालू असतो, त्यामुळे ती लगेच उघडी पडते.

दुसरी अडचण मींडेची. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही.

म्हणजे आरोप खोटा नव्हता. जॉन फाउल्ड्स हे ब्रिटिश संगीतकार दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायचे. त्यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी बंद झाली. बंदी शिथिल झाली थेट १९७१ मध्ये, तीही साथीपुरती. एकल वादनाला दार लगेच उघडलं नाही.

आता या दोन तारखांच्या मध्ये बोरकरांना ठेवून बघा. जन्म १८ नोव्हेंबर १९३४, गोव्यातलं बोरी गाव. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. बंदी आली तेव्हा ते पाच वर्षांचे होते, शिथिल झाली तेव्हा छत्तीस. म्हणजे शिकण्याची आणि नाव कमावण्याची सगळी वर्षं त्यांचं वाद्य देशाच्या रेडिओसाठी अपात्र होतं!

मग पेटी जगली कुठे? नाटकात, कीर्तनात, भजनात, आमच्या दशावतारात आणि मैफलीत गायकाच्या बाजूला. बोरकरांना संगीताची पहिली ओळख आईकडून झाली. पुढे छोटा गंधर्वांचा सहवास मिळाला, म्हणजे नाट्यसंगीत थेट गळ्यातून कानात गेलं. पेटीची तालीम मिळाली मधुकर पेडणेकर, अर्थात पी. मधुकर यांच्याकडे. पेटी एकटीने मैफल रंगवू शकते, हे दाखवणाऱ्यांपैकी ते एक.

या परंपरेत मींडेला उत्तर कसं देतात? पट्टी पूर्ण दाबायच्या आधी शेजारच्या सुराचा कण लावायचा. भात्याचा दाब कमी-जास्त करून सूर फुगवायचा, विझवायचा. खुपणाऱ्या सुरावर फार वेळ थांबायचं नाही. मींड प्रत्यक्ष येत नाही, पण ऐकणारा ती मनात पूर्ण करतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, हार्डवेअरची मर्यादा आहे, नवं हार्डवेअर आणा. तेही झालं: डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली. पण बोरकरांच्या पिढीने आहे त्याच १२ पट्ट्यांत काम केलं.

दाद उशिरा आली. २००५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१६ मध्ये पद्मश्री. २९ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईत ते गेले. सुधीर नायक यांच्यासारखे त्यांचे शिष्य आज मैफली करतात.

मला यातून एक गोष्ट कळली. फाउल्ड्स बरोबर होते, माझं अ‍ॅपही बरोबर होतं. चूक एवढीच, की आम्ही दोघांनी पट्टी मोजली आणि निकाल वाजवणाऱ्यावर लावला.

आजोबा आता नाहीत. घरात होमस्टेची खोली काढायची म्हणून पेटी विकायचं चाललं होतं. मी नको म्हटलं. भात्याला नवीन कातडं लावून घेतलं. काल गंधार दाबला, आकडा अजून ३०२.४ च. मग मोबाईल उलटा ठेवला, रिषभावरून हलकेच येऊन तोच सूर लावला आणि लगेच मध्यमावर गेलो. तेवढ्यापुरता खुपला नाही. आजोबा आयुष्यभर हेच तर करत होते.

तुमच्या घरात माळ्यावर पेटी असेल तर एकदा खाली काढा. भेटू पुढच्या भागात!