ओळखीचे उपसर्ग

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा म्हणजे यादी करायची, ही आपल्याकडची रूढ रीत. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, रोज वीस पाठ. खांदा कॉलनीतल्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या किंवा एमपीएससीच्या तयारीला बसलेल्या मुलांच्या वह्या चाळल्या तर पानोपानी हेच दिसते. पंधरवड्याने विचारावे तर त्यातले बरेचसे शब्द उडालेले असतात. या मुलांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, यादीबद्दल नाही.

शब्द फोडून पाहावा, त्याचा धातू आणि उपसर्ग हुडकावा, ही दुसरी वाट जुनीच आहे. नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ सालचे पुस्तक आजही आपल्या फूटपाथांवर विकले जाते. पुस्तक उत्तम आहे. पण ते अमेरिकन वाचकासाठी लिहिले आहे, आणि धातू म्हणजे काय, तो उपसर्गाने कसा बदलतो, हे त्या वाचकाला मुळापासून समजावून सांगावे लागते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते आधीच येत असते. फक्त व्याकरणाच्या तासाला शिकलेले इंग्रजीच्या तासाला वापरायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ही पुस्तिका तेवढ्यासाठी आहे.

आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही मालिका आपण शाळेत घोकलेली असते. धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणे. पुढचे अक्षर बदलले की जेवणाचा फटका होतो आणि फटक्याचा सर्वनाश. हॉटेलांच्या पाट्यांवर पुष्कळदा 'उपहारगृह' असे लिहिलेले असते. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याची जागा ती उपाहारगृह: आहाराला 'उप' लागला, म्हणजे हलके खाणे. एका 'आ'ची चूक, आणि मिसळीच्या दुकानाचे भेटवस्तूंचे दुकान होते. इंग्रजीत याच्याहून महागात पडणाऱ्या जोड्या आहेत. डॉक्टर औषध 'प्रिस्क्राइब' करतात. सरकार एखादी संघटना 'प्रोस्क्राइब' करते, म्हणजे तिच्यावर बंदी घालते. धातू दोन्हींत 'लिहिणे' हाच. एका स्वराचा फरक, पण परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न येतो.

उरणच्या वाटेवर कंटेनरांची जी रांग लागते तीही अभ्यासाला घेण्यासारखी आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हापासून पनवेलच्या घराघरांत इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हे शब्द आले. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. 'इम्' आत, 'एक्स' बाहेर, 'ट्रान्स' पलीकडे. 'सपोर्ट'मध्ये 'सब', म्हणजे खालून: खालून उचलून धरणे तो सपोर्ट. आता आपले शब्द पाहा. आयात आणि निर्यात. 'या' म्हणजे जाणे. 'आ' लावला की माल आपल्याकडे येतो, 'निर्' लावला की बाहेर जातो. एकाच व्यवहाराची ही दोन भाषांतली दोन नावे एकाच पद्धतीने बांधलेली आहेत. हार्बर लाइनच्या लोकलला आपण उपनगरी गाडी म्हणतो, इंग्रजीत 'सबर्बन'. 'सब' अधिक 'अर्ब्स' म्हणजे नगर. इथे तर संस्कृत 'उप' आणि लॅटिन 'सब' हे मुळात एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत.

हे नाते कोणा शिक्षकाने पाठांतराच्या सोयीसाठी जुळवलेले नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, आणि पुढच्या शतकात ध्वनिबदलांचे नियमच हाती आले. संस्कृतातला आद्य 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो आणि इंग्रजीत 'ब'. भ्रातृ, फ्रातेर, ब्रदर. 'भृ' म्हणजे वाहणे, ज्यावरून भार आणि भरण. लॅटिनमध्ये तोच 'फेर', इंग्रजीत 'बेअर'. सरकारी नोकराची 'ट्रान्सफर' होते, तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंट 'रेफर' होतो, प्रवेशाच्या अर्जात कॉलेजांचा 'प्रेफरन्स' भरायचा असतो. या सगळ्यांच्या पोटात आपला 'भृ' बसलेला आहे.

इंग्रजीत असे दुहेरी शब्द फार. दाताला 'टूथ', पण दातांच्या डॉक्टरला 'डेंटिस्ट'. पायाला 'फूट', पण सायकलला 'पेडल'. घरातला शब्द जर्मानिक कुळातला, कागदावरचा लॅटिनमधला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली, आणि विद्येची भाषा लॅटिन होतीच. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपण दात घासतो आणि दंतवैद्याकडे जातो. कान दुखतो, पण व्याधी कर्णरोग असते. तद्भव आणि तत्सम यांची ही सवय अंगवळणी पडलेली असताना 'फादर' आणि 'पॅटर्नल' हे दोन सुटे शब्द म्हणून पाठ करणे म्हणजे श्रम वाया घालवणे.

सगळ्यात उपयोगी पडतो तो संधी. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन. पुढच्या व्यंजनाने मागच्याला आपल्यासारखे करून घ्यायचे, हा नियम दहावीला गुणांसाठी पाठ केला आणि पेपर झाल्यावर विसरलो. तोच नियम इंग्रजी स्पेलिंगमध्ये जसाच्या तसा चालतो. 'इन' अधिक 'लीगल' यांचे 'इलीगल' होते, म्हणून त्यात दोन एल. 'इन' अधिक 'रेग्युलर' यात दोन आर. 'पॉसिबल'च्या आधी 'इन'चा 'इम' होतो. 'संत'मधला अनुस्वार न् सारखा आणि 'संप'मधला म् सारखा का उच्चारला जातो, त्याचेही कारण तेच. 'कॉन' हा उपसर्ग तर बहुरूपीच: 'कलेक्ट'मध्ये तो 'कॉल' होतो, 'करेक्ट'मध्ये 'कॉर'. स्टेशनाजवळच्या खांबांवर 'पेइंग गेस्ट ॲकॉमोडेशन'च्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्यांतल्या किती जणांनी या शब्दाचे स्पेलिंग बरोबर लिहिले आहे, हे जाता-येता बघत जा. एक सी की दोन, एक एम की दोन, असा गोंधळ असतो. यात उपसर्ग दोन आहेत: 'ॲड'चा संधीने 'ॲक' झाला, म्हणून दोन सी, मग 'कॉम', आणि धातूच्या सुरुवातीला पुन्हा एम, म्हणून दोन एम. एकदा फोड कळली की हात चुकत नाही.

नकाराचेही तसेच. अयोग्य, पण अनावश्यक. व्यंजनापूर्वी 'अ', स्वरापूर्वी 'अन्'. मोकळ्या भूखंडाशेजारी 'अनधिकृत बांधकाम' अशी पाटी दिसते, तिच्यात हा 'अन्' आहे. ग्रीकमध्येही नियम हाच. 'ॲटम' म्हणजे जो कापता येत नाही तो, तिथे 'अ'. 'ॲनार्की' म्हणजे शासक नसणे, तिथे 'अन्'. इंग्रजीचा स्वतःचा 'अन', लॅटिनचा 'इन', ग्रीक आणि संस्कृत 'अ-अन्' ही चार घरी वाढलेली सख्खी भावंडे आहेत.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आता शब्दकोशाची गरज संपली. तसे नाही, आणि हा इशारा आपल्या पूर्वसूरींनीच देऊन ठेवला आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे व्युत्पत्तीवरच्या त्याच्या प्राचीन ग्रंथात, पहिल्याच अध्यायात एक वाद नोंदवलेला आहे. शाकटायन म्हणतो, धातूपासून सुटा काढलेला उपसर्ग निरर्थक असतो. गार्ग्य म्हणतो, त्याला स्वतःचे अर्थ असतात. (इतिहासाचार्य राजवाडे यांचे थोरले बंधू वैजनाथ यांनी निरुक्त मराठीत आणले आहे, जिज्ञासूंनी तो भाग जरूर पाहावा.) 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट'पुरता गार्ग्य जिंकतो. पण 'रिसीव्ह', 'डिसीव्ह', 'परसीव्ह' घ्या. धातू 'घेणे' हाच, आणि तरी 'डी' लावल्यावर फसवणूक कुठून आली हे नुसत्या उपसर्गावरून सांगता येत नाही. आपल्याकडे ग्रह् म्हणजेही घेणे. त्याला 'सम्' लावून संग्रह झाला हे समजते, पण 'आ' लावून जेवणाच्या पंगतीतला आग्रह कसा झाला? अशा ठिकाणी शाकटायनाचे ऐकावे आणि कोश उघडावा.

दिसायला सारख्या मुळांचाही धोका असतो. 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रियन' यांत लॅटिन पाय आहे, पण बालरोगतज्ज्ञाच्या पाटीवरच्या 'पीडियाट्रिशियन'मध्ये ग्रीक मूल आहे. शिवाय मुळातला अर्थ आज टिकून असतोच असे नाही. 'मॅन्युफॅक्चर' म्हणजे हाताने घडवणे. तळोजा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जाऊन तसे कोणाला सांगून पाहा. डिसेंबरच्या नावात दहा आहेत आणि महिना बारावा. व्युत्पत्तीच्या नादात वाहवत जाणे हा आपला मराठी माणसांचा जुना छंद आहे, आणि मीही त्यातलाच, तेव्हा वाचकाने माझ्याही फोडी तपासून घ्याव्यात.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगतो. या रीतीने वाचलेले कळते, बोलणे सुधारत नाही. 'पोस्टपोन'ची फोड सुरेख होते, पण इंग्रज घरात 'पुट ऑफ' म्हणतो. 'पुट ऑफ', 'पुट अप', 'पुट आउट' असे क्रियापदामागून येणारे शब्द कानांनीच शिकावे लागतात. ऋग्वेदातही उपसर्ग क्रियापदापासून सुटे, कधी दूर जाऊन बसतात, एवढे आठवले तरी परकेपणा थोडा कमी होईल. 'डॉग', 'बॉय' असले शब्द मात्र फोडायच्या फंदात पडू नका.

मराठी शब्दाचे मूळ पाहायचे तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' ग्रंथालयात मागा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही चालेल. संस्कृतातून आलेल्या शब्दांपुढे त्याने तशी खूण केलेली आहे. इंग्रजीसाठी व्युत्पत्ती देणारा कोणताही मोठा कोश पुरे.

या पुस्तिकेतले पाठ ओळीने वाचलेच पाहिजेत असे नाही. प्रत्येक पाठ मराठी शब्दांनी सुरू होतो, मग लॅटिन किंवा ग्रीक मूळ येते, आणि इंग्रजी शब्द शेवटी. शेवटच्या भागात अर्थ न देता शब्द ठेवले आहेत. ते आधी फोडावेत, अर्थाचा अंदाज लिहावा आणि मगच कोशात पाहावे. संधीचा पाठ मात्र कोणी गाळू नये. नर्सिंग, फार्मसी किंवा वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी ग्रीक मुळांचा पाठ आधी घेतला तरी चालेल. तिथे 'आयटिस' म्हणजे दाह आणि 'एक्टमी' म्हणजे कापून काढणे एवढे दोन प्रत्यय कळले, की टॉन्सिलायटिसपासून अपेंडेक्टमीपर्यंत हॉस्पिटलातली अर्धी फाइल वाचता येते.

खांदा कॉलनी, नवीन पनवेल