स्टीरिओ विवर्धकाची रचना आणि त्याच्या कसोटीचा प्रश्न

पडद्यावरील पात्र एका बाजूस उभे आहे आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच दिशेच्या लाउडस्पीकरमधून येतो आहे, ही विसंगती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यास चित्रपटगृहात खटकली, असे सांगतात. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटासाठी केलेल्या अर्जात (क्रमांक ३,९४,३२५) एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन ध्वनिसंकेत कोरण्याची योजनाही आढळते. याच तत्त्वाची तबकडी बाजारात येण्यास मात्र १९५७-५८ साल उजाडावे लागले. ब्लमलाइन तोवर हयात नव्हता. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीच्या वेळी झालेल्या विमान अपघातात त्याचा अंत झाला.

मधल्या काळात विवर्धकाचे स्वरूपच पालटले. ऑगस्ट १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या हॅरल्ड ब्लॅकला ऋण फीडबॅकची कल्पना सुचली : बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलट करून आत परत द्यावयाचा, आणि विवर्धनाचा त्याग करून विकृती घटवावयाची. हा सौदा फुकटचा नव्हता. परतणाऱ्या संकेताची कला मार्गात इतकी सरकली की ऋणाचे धन झाले, आणि त्या कंप्रतेस फेऱ्यातील विवर्धन एकाहून अधिक उरले, तर विवर्धक स्वतःच आंदोलक बनतो. नायक्विस्टने १९३२ मध्ये यास गणिती निकष दिला.

डी. टी. एन. विल्यमसनने एप्रिल व मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेचे यश आणि तिची अडचण ही दोन्ही याच फेऱ्यात दडलेली आहेत. ट्रायोडसारखे जोडलेले दोन केटी-६६ व्हॉल्व्ह, २० डेसिबल फीडबॅक, १५ वॅट शक्ती आणि ०·१ टक्क्याहून कमी विकृती. लाउडस्पीकरला जोडलेला ट्रान्सफॉर्मरही फीडबॅकच्या फेऱ्यात घेतलेला असल्याने त्याची प्राथमिक प्रवर्तकता किमान १०० हेन्री असावी आणि गळती-प्रवर्तकता ३० मिलिहेन्रीपलीकडे जाऊ नये, अशी त्याची अट होती. स्वस्त ट्रान्सफॉर्मर वापरून तीच आकृती उतरवून घेणाऱ्यांचे विवर्धक मोटारबोटीसारखे फटफटू लागले, यात नवल नाही. दोष रचनेचा की बांधणाऱ्याचा, हा वाद बराच चालला. रचनेतच स्थैर्याला पुरेशी सवड नव्हती, हे आक्षेपकांचे म्हणणे वजनदार वाटते. पण अट स्पष्ट लिहिलेली होती, हेही विसरता येत नाही. असा दोष स्थिर ज्यातरंगाने घेतलेल्या विकृतीच्या मापनात सुटून जाऊ शकतो. चौकोनी तरंग देऊन ऑसिलोस्कोपवर पाहिल्यास त्याच्या कडांवरील कंप तत्काळ दिसतो.

स्टीरिओ म्हणजे असेच दोन विवर्धक शेजारी ठेवणे, ही समजूत अपुरी ठरली. दोन्ही वाहिन्यांचे विवर्धन सर्व पातळ्यांवर जुळले नाही तर ध्वनिप्रतिमा मध्यावरून ढळते. सामाईक वीजपुरवठा दुबळा असेल तर एका वाहिनीचा भार दुसरीस भोगावा लागतो. म्हणून एकेक वाहिनी स्वतंत्रपणे मोजून मिळालेल्या वॅटांची बेरीज ही विवर्धकाची खरी शक्ती नव्हे.

१९५६ मध्ये एच. सी. लिन याने ट्रान्सफॉर्मर वगळणारी ट्रान्झिस्टरची रचना मांडली आणि जुनी अडचण मिटली. मात्र तिच्या जागी दुसरी आली. ‘ब’ वर्गात एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा काम उचलतो. त्या सांध्यावर होणारी विकृती मंद आवाजात तुलनेने अधिक जाणवते. व्हॉल्व्हच्या विवर्धकात शक्तीबरोबर विकृती वाढत असे, म्हणून पूर्ण शक्तीवरील एक आकडा पुरत असे. येथे तोच आकडा दिशाभूल करी. फिनलंडच्या मत्ती ओटालाने १९७० मध्ये क्षणिक विकृतीचा मुद्दा मांडून स्थिर तरंगावरील भिस्त आणखी सैल केली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७४ च्या नियमात हा अनुभव उमटला आहे : मोजणीच्या वेळी दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालवाव्यात आणि विकृतीची मर्यादा २५० मिलिवॅटपासून घोषित शक्तीपर्यंत पाळली जावी. त्याआधी एक तास एक-तृतीयांश शक्तीवर विवर्धक तापवावयाचा होता. आदर्श ‘ब’ वर्गात उष्णता सर्वाधिक होते ती सुमारे ४० टक्के शक्तीस. त्यामुळे ही अट उत्पादकांना जाचक वाटली, आणि २००० साली ती एक-अष्टमांशावर आणण्यात आली.